बाटलीतल्या धोंडाबाईचा मुराळी

मानसिंगची बहीण धोंडाबाई माघात वारली, आणि श्रावण लागतो न लागतो तोच तिच्या पोराचा, हनुमंतचा, वेल्ह्याहून फोन आला की आईचा थोडा भाग अजून जिता हाय. असं कुणी सांगायला लागलं तर माणूस आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेईल. पण मोबाईलमधून वास येत नाही, आणि हनुमंत तसला पोरगाही नव्हे. त्यामुळं मानसिंग हिर्डोशीच्या आपल्या ओट्यावर, ज्या एकाच खांबापाशी रेंज येते त्याला पाठ टेकून, सगळं नीट ऐकत बसला.

भानगड अशी होती. धोंडाबाईच्या छातीत गाठ झाली होती. पुण्याच्या दवाखान्यात ती काढली तेव्हा हनुमंतनं पाच-सात कागदांवर सह्या केल्या, आणि त्यातल्या एका कागदानं ती गाठ संशोधनाला देऊन टाकली. गाठीतल्या पेशी डॉक्टर लोकांनी बाटल्यांत घालून वाढवल्या. धोंडाबाई गेली, पण पेशी काही जायला तयार नव्हत्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. त्यातल्या काही आता किकवीला आल्या होत्या. तिथं हायवेच्या कडेला एका शेडमध्ये भांगेच्या बियांचं खायचं तेल आणि चटणी करणारी एक कंपनी होती, आणि तिला बघायचं होतं की आपल्या या खाण्याच्या भांगेचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर घातला तर काय होतं. शनिवारी अर्क घालायचा, आणि तीन दिवसांनी किती मेल्या ते मोजायचं. तिथल्या माया नावाच्या मुलीनं हनुमंतला रीतसर फोन करून विचारलं होतं की तुमची अजून संमती आहे ना. हनुमंतची होती. मामाच्या कानावर घालावं म्हणून त्यानं घातलं, एवढंच.

मानसिंगच्या डोक्यात त्यातल्या दोनच गोष्टी शिरल्या. धोंडी जिती आहे, आणि तिला शनिवारी मारणार आहेत. मधे शुक्रवार होता, आणि शुक्रवारी पंचमी होती.

पंचमी म्हणजे या खोऱ्यात लेकीबाळींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या सासरी जातो, तिथल्या थोरामोठ्यांना विचारतो, आणि तिला चार दिवस माहेरी घेऊन येतो. मुराळी आल्याशिवाय बाई आपल्या पायानं माहेरी येत नाही. आलीच तर गाव विचारतं, हिला टाकली का काय. तर अकरा वर्षांपूर्वी मानसिंगच्या लेकीच्या लग्नात धोंडाबाई व्याह्यांच्या पंगतीत बोलून गेली की भाताला धूर लागलाय. धूर लागलाच होता हो. आख्ख्या पंगतीला तो कळत होता. पण मानसिंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्वतःच्या खाचरातला आंबेमोहर, आणि त्याला नाव कुणी ठेवावं तर सख्ख्या बहिणीनं? त्यानं चारचौघांत तिला सुनावलं की एवढा धूर लागतोय तर पुन्हा या घरात जेवायला येऊ नको.

पुढल्या पंचमीला हा गेला नाही, कारण तिनं आधी चूक कबूल करावी. आणि ती आली नाही, कारण मुराळ्याशिवाय ती येणार कशी? दर श्रावणात ती एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडायची की दादाला म्हणावं, वाट बघते. दर श्रावणात हा म्हणायचा, बघू. असे अकरा श्रावण बघण्यात गेले, आणि मग माघात तो वेल्ह्याला गेला तो थेट मातीलाच. तेव्हापासून या माणसाला अन्न गोड लागत नव्हतं. दहा वेळा त्यानं मनातल्या मनात धोंडाबाईच्या दारात उभं राहून हाक मारली होती. आता खरंच मारता येणार होती, तर तो काय घरात बसतोय?

बायको रत्ना म्हणाली की तुम्हाला येड लागलंय, मेलेल्या माणसाला कुणी मुराळी जातं का? मानसिंग म्हणाला की मेली म्हणतंय कोण, शिकलासवरलेला भाचा सांगतोय की जिती हाय. रत्नानं कपाळावर हात मारून घेतला. पण मुराळी रिकाम्या हातानं जात नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि एक चोळीचा खण घातला, आणि वर दोन दिवस त्याच्याशी बोलायचं नाही असंही ठरवून टाकलं.

गुरुवारी पहिल्या एसटीनं तो भोरला आला, भोरहून कापूरहोळला, आणि तिथून वडापच्या जीपनं किकवीला. शेडच्या फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, कुणाला भेटायचंय? मानसिंग म्हणाला, बहिणीला न्यायला आलोय. वॉचमननं वही काढली. धोंडाबाई नाव काही सापडेना. पॅकिंगला आहे का तेलाच्या घाण्यावर, त्यानं विचारलं. मानसिंग म्हणाला, बाटलीत. वॉचमननं वही मिटली आणि मायाला बोलावून घेतलं.

माया किकवीचीच, शेतकऱ्याघरची पोर. पांढरा कोट घालून स्कुटीवरनं कामाला यायची. तिच्या घरी पंचमी करत नसत, पण मुराळी म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. पिशवी बघूनच ती समजली. तिनं त्याला बाकावर बसवून सरळ सांगितलं की काका, या तुमच्या बहीण नाहीत, त्यांच्या गाठीतल्या पेशी आहेत, यांना ना मन आहे ना दुखणं. मानसिंगनं मान हलवली आणि विचारलं, खाती काय? माया म्हणाली, साखर, क्षार, असलं सगळं घातलेलं गुलाबी पाणी असतं. मग मानसिंगनं त्याला फोन आल्यापासून छळणारा प्रश्न काढला. आमच्या घरात बायांनी कधी मिशरीसुद्धा लावली नाही, आणि तुम्ही तिला या वयात भांग कशी पाजता?

मायानं सांगितलं की बियांत नशा नसते, आणि आम्ही वापरतो ती खायचीच भांग आहे. मग मरतात कशानं, असं त्यानं विचारलं. तेच अजून कळलेलं नाही, ती म्हणाली. आणि ताटलीत मेल्या म्हणजे माणूस बरा होतो असंही नाही. ताटलीत मीठ जास्त झालं तरी या मरतात. फाटकाबाहेर लोक औषध म्हणून चटणी मागायला येतात, त्यांना ती रोज हेच सांगायची, आणि रोज ते मान हलवून दोन डबे घेऊन जायचे. सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. तिनं त्याला भिंगाच्या यंत्रातून बाटलीही दाखवली. तळाला बारीक बारीक दाणे चिकटून बसले होते. जित्या असल्या की तळ सोडत नाहीत, ती म्हणाली. मानसिंग म्हणाला, धोंडी अशीच चिवट.

मग तिथले वरचे साहेब आले, स्वरूप सर. पुण्यात शिकलेले, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर मोठं घड्याळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि नियम सांगितले. नियमाप्रमाणं इथली बाटली बाहेर जात नाही. मानसिंगनं हेही ऐकून घेतलं आणि तो बाकावर तसाच बसून राहिला. मुराळी नकार ऐकून उठत नसतो. जेवणाची सुट्टी झाली, तो बसलेला. दोन वाजले, तो बसलेला. सर दोनदा मोबाईल कानाला लावून त्याच्यासमोरून गेले, आणि मोबाईल बंद होता हे त्यालाही दिसत होतं. तिसऱ्यांदा सर थांबले, आणि त्याला टाळायचं म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले की काका, सध्या कामाची फार गडबड आहे, पंचमी होऊ द्या, मग बघू.

मायानं जीभ चावली. मानसिंगचा चेहरा मात्र असा उजळला की काही विचारू नका. कारण हे बोलणं त्याला तोंडपाठ होतं. जगातला प्रत्येक सासरा मुराळ्याला हेच म्हणत आला आहे, आणि पुढं काय बोलायचं हे प्रत्येक भावाला ठाऊक असतं. त्यानं टोपी सारखी केली आणि सरांना पाव्हणं म्हणून हाक मारली. कामाची गडबड आम्हालाही कळते, पण वरसाचा सण आहे. आम्ही काय तिला कायमची ठेवून घेत नाही, आठ दिवस पाठवा.

सर कुठल्या खेळात उतरलेत हे सरांना समजलंच नाही. ते म्हणाले, आठ दिवस शक्यच नाही. मग चार, मानसिंग म्हणाला. सर तावात येऊन म्हणाले की चार काय, ती बाटली बाहेर दोन दिवसांच्या वर टिकणारच नाही.

"मग दोन दिस," मानसिंग म्हणाला. "तुमच्या शब्दाभाईर आमी न्हाई."

सर चारीमुंड्या चीत. माया हळूच म्हणाली की एक बाटली जास्तीची आहे सर, आज टाकूनच द्यायची होती. सरांनी मग जेवढा उरला होता तेवढा रुबाब गोळा केला. बाटली उघडायची नाही, शनिवारी दुपारी बाराच्या आत परत आणायची, आणि ही गोष्ट कुठं बोलायची नाही. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी लाडूची पुडी घेतली, आणि कसं कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं की माया, पाव्हण्यांना चहा सांग.

बाटली तळहाताएवढी, चपटी. मायानं ती गळ्यापर्यंत गुलाबी पाण्यानं भरली, बूच घट्ट लावलं, दोन पिशव्यांत बांधली आणि सांगितलं की हिला अंगाची ऊब लागते, गार पडू देऊ नका. मानसिंगनं ती बंडीच्या आतल्या खिशात, काळजापाशी ठेवली. भोरच्या एसटीत त्यानं दोन तिकिटं मागितली. एक आपलं आणि एक बाईमाणसाचं अर्धं. कंडक्टरनं बाई कुठं आहे म्हणून विचारलं. मानसिंगनं छातीवर हात ठेवला. कंडक्टरला काय समजलं देव जाणे, पण त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं मुकाट्यानं तिकीट फाडलं.

हिर्डोशीला पोहोचला तेव्हा दिवस मावळत होता. दारात रत्ना उभी होती, न बोलायचं ठरवलेली. पण माहेरवाशीण दारात आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, ही सवय काय विचारून येते? रत्नाचा हात आपोआप उठला. तिनं नवऱ्याच्या छातीवरून भाकरीचा तुकडा ओवाळला, बाजूला फेकला, आणि मग स्वतःवरच चिडून आत निघून गेली.

कुठं बोलायची नाही म्हणजे काय, तर सकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. पुरणाची दिंडं उकडून होईतो मानसिंगच्या अंगणात बाया जमल्या. धोंडाबाई आली, अकरा वर्षांनी आली, आणि झोक्यावर बसणार नाही, असं होईल का? पण बाटली तर अंगाच्या उबेतून काढता येत नव्हती. मग बायांनी मानसिंगलाच झोक्यावर बसवलं. पासष्ट वर्षांचा बाप्या, डोक्याला टोपी, आणि दोन बाजूंनी बाया गाणी म्हणत त्याला झोके देतायत. पलीकडच्या बांधावरनं बाप्ये लोक बघत होते. हसले ते पहिल्या दोन झोक्यांपुरतंच. तिसऱ्या झोक्याला मानसिंगच रडायला लागला, मग कोण हसतंय?

आणि मग खरा प्रकार सुरू झाला. बाया माहेरी येतात त्या काय दिंडं खायला येतात व्हय? त्या बोलायला येतात. एक म्हातारी मानसिंगजवळ येऊन बसली आणि म्हणाली की मला धोंडीशी बोलायचंय, तू तिकडं तोंड कर. तोंड तिकडं करून कान कुठं जातात? तेव्हा रत्नानं वातीच्या डब्यातला कापूस आणून त्याच्या दोन्ही कानांत कोंबला. मानसिंग घाटाकडच्या ढगांकडं बघत बसला आणि म्हातारी त्याच्या खिशाशी तोंड नेऊन बोलत बसली. ती उठली तर दुसरी आली. मग तिसरी. कुणी खिशाशी हसत होती, कुणी पदरानं नाक पुसत होती. जिनं सकाळी चेष्टा केली होती ती सगळ्यांत जास्त वेळ बसली. मेलेल्या बाईला सांगितलेलं बाहेर फुटत नाही, आणि ही तर वर जितीही होती. इतकी सोय कुठल्या माहेरात असते?

शेवटाला ठकुबाई आली. ही शेजारच्या भिमाची बायको. हिचं माहेर घाटाखाली, महाडच्या बाजूला. आईबाप गेले, भाऊ नव्हताच, त्यामुळं वीस वर्षांत हिच्या दारात मुराळी आला नव्हता. ती येऊन बसली. मग हळू आवाजात बोलली. कापूस होता, पण आवाज छातीपाशीच होता.

"धोंडाबाई, तुमाला पयल्यांदा हाताला कशी लागली व्हती वो?" ती म्हणाली. "मला वालाच्या दान्यावानी लागती. शिमग्यापासनं. म्या कुनाला सांगितलं न्हाई."

मानसिंगला ते स्वच्छ ऐकू आलं. त्यानं ढगावरची नजर हलवली नाही. ठकुबाई उठली, पदर सारखा केला आणि फुगडी घालायला गेली.

त्या दिवशी तो जेवला नाही. कानात कापूस घालून ऐकलेलं सांगणं म्हणजे चोरीच झाली. आणि बाईच्या छातीचं, शेजाऱ्याच्या बायकोचं, बाप्यानं बोलायचं तरी कसं आणि कुणाशी? खिशातली बाटली सांभाळत तो भिंतीला टेकून तसाच पडून राहिला. सकाळी रत्ना चूल पेटवत होती, तिथं जाऊन तो बसला आणि खाली मान घालून त्यानं सगळं सांगून टाकलं. रत्नानं फुंकणी बाजूला ठेवली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी धड बोलली.

"असलं बाई सासरी सांगत न्हाई, माहेरी सांगती," ती म्हणाली. "वन्सं दोन वरसं गाठ घिऊन बसल्या व्हत्या, हनुमंतलाबी दवाखान्यातच कळलं. तुमी गेला असता तर हितं या चुलीपाशी बसून मला सांगून मोकळ्या झाल्या असत्या."

मानसिंगनं छातीवर हात ठेवला. ते बघून तिला राहवलं नाही.

"आन् ती बाटली काय कुरवाळताय? त्यात तुमची बहीन न्हाई. जिनं तुमच्या बहिनीला खाल्लं ती हाय."

 हिशेब सरळ होता. भाताच्या धुरावरनं तो रुसला, आणि त्या रुसव्याच्या आडोशाला ती गाठ दोन वर्षं निवांत वाढली. आता तीच गाठ त्याच्या उबेला, त्याच्या खिशात, त्याच्या काळजापाशी दोन दिवस माहेरपण भोगत होती, आणि तिला त्यानं झोकाही दिला होता. स्वतःची इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाटली उचलून चुलीत टाकावी असं त्याच्या मनात आलं. पण परत देण्याचा शब्द दिला होता. तो उठला, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, पिशवीत उरलेला तो चोळीचा खण घेतला आणि घराबाहेर पडला. बाहेर पडून तो चालला किती, तर वीस पावलं.

भिमा गोठ्यात शेण भरत होता. मानसिंग रोज त्याच्या ओट्यावर न विचारता येऊन बसायचा. आज तो अंगणाच्या कडेला परक्यासारखा उभा राहिला. भिमानं बघितलं आणि विचारलं, उभा का? मानसिंग म्हणाला, ठकुबाईला न्यायला आलोय. भिमाला काही कळेना. न्यायला म्हणजे कुठं? आणि तू कोण न्यायला? मानसिंग म्हणाला, मुराळी. भिमा म्हणाला, अरे पंचमी काल झाली, आणि हिचं माहेर घाटाखाली, तू शेजारी राहतोस. मानसिंग म्हणाला की ते सगळं ठाऊक हाय, भोरला नेतो आणि सांजच्याला आणून सोडतो.

भिमानं शेणाचे हात झटकले. तो काही वाईट माणूस नव्हे. पण विचारल्यावर जे तोंडाला येतं तेच त्याच्याही तोंडाला आलं. भातातलं तण काढायची, बेणणीची गडबड आहे, हा आठवडा जाऊ दे, मग बघू.

बघू हा शब्द मानसिंगनं अकरा वर्षं वापरला होता. तो कुठं नेऊन पोचवतो हे या अख्ख्या खोऱ्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"एक दिस, पाव्हणं," तो म्हणाला.  "हात जोडतो."

तीस वर्षं शेजारी राहून पाव्हणं म्हणून हात जोडणारा माणूस बघून भिमा घाबरलाच. तो काही बोलायच्या आत दारात उभी असलेली ठकुबाई मागं वळली, आत गेली आणि लुगडं बदलून बाहेर आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही, आणि भिमानंही तिला अडवलं नाही. एसटीच्या थांब्याकडं दोघं चालायला लागली, तो पुढं, ती चार पावलं मागं. ओढ्याच्या पुलावर आल्यावर मानसिंग पुढंच बघत म्हणाला की कापूस पातळ व्हता, ठकुबाई. ती थांबली. पदरात तोंड घालून उभ्या उभ्या रडली. मग गाडी आली, म्हणून दोघं चढली.

भोरच्या सरकारी दवाखान्यात शनिवारची ही गर्दी. केसपेपरला रांग, केसपेपर झाला की डॉक्टरीणबाईंच्या दाराशी दुसरी रांग. ठकुबाईचा नंबर त्रेसष्ट, आणि आत गेलेला एकेचाळीस. साडेअकराला मायाचा फोन आला. काका, कापूरहोळला पोचलात का? मागून सरांचा आवाज येत होता. मानसिंगनं सांगितलं की अजून भोरलाच आहे. मायानं बाटलीतल्या पाण्याचा रंग विचारला. त्यानं बाटली खिशातून काढून उजेडाकडं धरली. गुलाबी पाणी पार पिवळं झालं होतं. म्हणजे होतं नव्हतं ते सगळं खाऊन संपलं, माया म्हणाली, आता त्या तळ सोडायला लागल्या असतील. लगेच निघालात तर काही वाचतील.

मग फोन सरांनी घेतला. दोन दिवस जीव टांगणीला लागल्यानं की काय, सर आता पुरते व्याही झाले होते. काका, शब्द दिला होता आपण, ते म्हणाले. वेळेत पोचवलीत तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवू की आम्ही, आमच्याकडं गोठवून ठेवलेल्या आहेत, दर पंचमीला न्या. दवाखान्याच्या फाटकासमोर कापूरहोळची गाडी लागलेली मानसिंगला दिसत होती. कंडक्टर दोरी ओढत होता. बाकावर ठकुबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि तो उठतो का काय, म्हणून त्याच्याकडं बघत होती.

"सायेब, ती मरत आसंल तर मरू द्या," मानसिंग म्हणाला. "म्या बहिनीला घिऊन दवाखान्यात बसलोय. नंबर लागायचाय."

 मग मायाचाच आवाज आला की बाटली उघडू नका, मी संध्याकाळी भोरला येऊन घेऊन जाते. कापूरहोळची गाडी निघून गेली. मानसिंगनं ती पिवळी बाटली पिशवीच्या तळाला टाकली. गार पडली तर पडू दे.

दीड वाजता त्रेसष्ट नंबर पुकारला. दारातल्या नर्सनं ठकुबाईचा केसपेपर बघितला आणि सोबत कोण आहे म्हणून विचारलं. ठकुबाई जराशी घुटमळली.

"भाऊ हाय," ती म्हणाली.

मानसिंगला हुंदका आवरेना. तसाच रडत तो उठला आणि तिची पिशवी घेऊन दारापर्यंत तिच्या मागं गेला.